भीती ‘व्यक्तिगत’ कुणाची?

डिसेंबरात होणाऱ्या मुलींच्या शिबिराची आखणी करताना आमच्या गटाच्या बैठकीत एका खेळाचं नाव निघालं आणि दहा मिनिटांत ते बाद झालं. खेळ कुणी पाहिला नव्हता, नियम कुणी वाचले नव्हते. “बाईवरच्या अत्याचाराचा आता खेळ करायचा का?” असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, “मुली आधीच घाबरलेल्या असतात, त्यांना आणखी कशाला घाबरवायचं?” तिसरीच्या मते हा इंग्रजी शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या पोरापोरींचा रिकामपणाचा उद्योग आहे. हे तिन्ही आक्षेप आपल्याच माणसांचे आहेत, म्हणून त्यांचं उत्तर आपल्याच अंकात द्यायला हवं. मला ते मान्य नाहीत. माझंही त्या खेळाशी भांडण आहे, पण ते वेगळ्या मुद्द्यावर. त्याकडे मी नंतर येते.

खेळाचं नाव ‘ब्लूबियर्ड्स ब्राइड’, म्हणजे निळ्या दाढीवाल्याची नवरी. अमेरिकेतल्या व्हिटनी ‘स्ट्रिक्स’ बेल्ट्रान, मारिसा केली आणि सारा रिचर्डसन या तिघींनी तो रचला. मॅगपाय गेम्स या प्रकाशन संस्थेने २०१७ मध्ये तो पुस्तकरूपाने काढला. ज्यांना असे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात सारीपाटासारखा पट नसतो आणि कुणी जिंकत नाही. चार-सहा जणी टेबलाभोवती बसतात. एक गोष्ट पुढे नेते, बाकीच्या भूमिका घेतात, अडलं तिथे फासे टाकतात. जे घडतं ते सगळं बोलण्यात घडतं. आपण शिबिरांमध्ये सासू-सून, तक्रारदार-फौजदार अशी भूमिकानाट्यं करतो, त्याचंच हे भावंड. फरक एवढाच की इथे नियम लिहून ठेवलेले आहेत आणि प्रेक्षक म्हणून कुणी बसत नाही.

मूळ गोष्ट फ्रान्समधली. शार्ल पेरो याने १६९७ मध्ये ती छापली. निळ्या दाढीचा एक गडगंज श्रीमंत माणूस नव्या बायकोच्या हाती सगळ्या वाड्याच्या किल्ल्या देतो आणि बजावतो, सगळं उघड, पण ती एक छोटी खोली उघडायची नाही. तो परगावी जातो. ती उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं, जमिनीवर गोठलेलं रक्त. किल्ली हातातून पडते, तिला रक्ताचा डाग लागतो आणि तो काही केल्या निघत नाही. नवरा परत येतो, डाग पाहतो आणि तलवार उपसतो.

आता या गोष्टीचं तात्पर्य काय असावं असं तुम्हाला वाटतं? बायकांचे खून करून ते कोंडून ठेवणाऱ्या नवऱ्याबद्दल काही? छे! पेरोने तात्पर्य काढलं ते बायकांच्या कुतूहलावर: हे कुतूहल फार महाग पडतं म्हणे. शिवाय जोडीला दुसरं एक तात्पर्य दिलं, की ही फार जुन्या काळची गोष्ट आहे, आताचे नवरे काही असे राहिलेले नाहीत. तीनशे वर्षांपूर्वीची ही दोन वाक्यं मी आजवर किती तोंडांतून ऐकली असतील! “तू त्याचा फोन कशाला बघायला गेलीस?” आणि “आता कायदे सगळे बायकांच्याच बाजूचे आहेत.”

आपल्याकडच्या लोककथांतही बंदी असते. तीन दिशांना जा, चौथ्या दिशेला जाऊ नकोस. पण ती बंदी बहुतेक वेळा राजपुत्राला असते. तो हमखास चौथ्या दिशेला जातो आणि परत येताना राज्य घेऊन येतो. बंदी मोडणाऱ्या पुरुषाला राज्य आणि बंदी मोडणाऱ्या बाईला तलवार, हा हिशेब तपासण्यासारखा आहे.

आता नियमांकडे येते, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. खेळाचा विषय काय यावरून तो बाईच्या बाजूचा की विरोधातला हे ठरत नाही, नियमांवरून ठरतं. या प्रकारच्या खेळांची सुरुवात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून, १९७४ मध्ये झाली. त्याच्या पुढच्या, वाढीव रूपाचं खेळाडूंसाठीचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. त्यात स्त्री-पात्राच्या शारीरिक बळाला पुरुष-पात्रापेक्षा कमी मर्यादा घालून दिलेली होती. म्हणजे ज्या खेळात माणूस मंत्राने हवेत उडतो आणि आग ओकणाऱ्या अजगराशी लढतो, तिथे बाईचा दंड मात्र ‘वास्तवाला धरून’ हवा! १९७९ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात तर रस्त्यात भेटणारी वेश्या कोणत्या प्रकारची हे फासे टाकून ठरवायचा तक्ता होता. बळाची ती मर्यादा १९८९ च्या आवृत्तीत गेली. या खेळांत तेव्हा बायका नव्हत्याच असं कुणी म्हणेल, तर तेही खरं नाही. लॉस एंजेलिसमधल्या ली गोल्ड यांनी १९७५ पासून या खेळांवरचं एक नियतकालिक चालवलं, वाचकांनीच लिहायचं आणि वाचकांनीच वाचायचं असं. तसा अंक महिन्यामागून महिने काढणं काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

पुढे भीतीचे खेळ आले. १९८१ चा ‘कॉल ऑफ कथुल्हू’ घ्या. त्यात खेळाडूच्या पात्राच्या मानसिक तोलाला गुण दिलेले असतात. भयंकर काही पाहिलं की ते गुण घटतात. विश्वाच्या भीषण रहस्याचं ज्ञान जसं वाढत जातं तशी त्या गुणांची कमाल मर्यादाच खाली येते. म्हणजे जितकं कळेल तितकं वेड जवळ. कल्पना म्हणून छान आहे. पण “जास्त शिकली की पोरीचं डोकं फिरतं” हे ऐकत वाढलेल्या बाईला ती फारशी नवी वाटणार नाही. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. त्या कलमाचा आधार घेऊन, बोलणाऱ्या बायकोला वेडी ठरवायला निघालेले नवरे आपल्या सल्ला केंद्रांनी कमी पाहिलेले नाहीत.

मग १९९१ मध्ये ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ आला. त्याने स्वतःला व्यक्तिगत भयाचा खेळ म्हणवून घेतलं आणि ते नाव या सगळ्या प्रकाराला चिकटलं. त्यात तुम्हीच रक्तपिपासू असता. भीती ही, की आपल्यातलं माणूसपण उरेल की जाईल. क्रौर्य केलं की माणुसकीचे गुण कमी होतात, आणि त्याची बोच घेऊन जगायचं. हा खेळ बायकाही आवडीने खेळल्या, खेळतात. तरी मला विचारावंसं वाटतं: आपल्या हातून हिंसा होईल की काय, या काळजीने रात्री झोप न येणं हे कुणाच्या वाट्याचं भय आहे? ज्याच्या हाती बळ आहे त्याचं. ज्या बाईला दाराशी पावलं वाजली की पोटात गोळा येतो, तिची भीती ‘माझ्या आत राक्षस आहे का’ अशी नसते. तिचा राक्षस चपला काढून घरात येतो आणि जेवायला वाढ म्हणतो.

‘ब्लूबियर्ड्स ब्राइड’ने इथे दिशा बदलली, आणि तीही भाषणाने नव्हे, नियमाने. सगळ्या खेळाडू मिळून एकच नवरी असतात. प्रत्येक जण तिच्या मनाचा एक तुकडा, एक ‘बहीण’: कुमारी, माता, चेटकीण, मोहिनी आणि तिच्यातला पुरुषी अंश. टेबलावर एक अंगठी फिरते. जिच्या बोटात अंगठी, तिच्या ताब्यात त्या वेळी नवरीचं शरीर. बाकीच्या बघतात, सुचवतात, कुरकुरतात. नवरी एकेक खोली उघडत जाते आणि प्रत्येक खोलीत काहीतरी भयंकर असतं. एका नियमाने तर मी थक्क झाले. नवरी भयाने थरथरली की खेळणारीने सांगायचं, आता काय होईल याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटते. आणि सूत्रधाराने सांगायचं, प्रत्यक्षात ते त्याहून कसं वाईट आहे. हिंसा सोसणारी बाई चोवीस तास हेच गणित मनात मांडत असते. आघात साचत गेले की एखादी बहीण फुटून जाते आणि नवरी तेवढी उणी होते.

पण खरा गाभा पुढे आहे. खोलीतून बाहेर पडताना, इथे काय घडलं असावं याचा अर्थ लावावा लागतो. जे पाहिलं ते नवऱ्याच्या विरोधातला पुरावा आहे, की त्याचं काही निर्दोष स्पष्टीकरण आहे? प्रत्येक खोलीगणिक नवरी निष्ठेच्या किंवा अविश्वासाच्या वाटेवर एक पाऊल पुढे जाते.

मी हा खेळ खेळले आहे. पुण्यात भाचीच्या घरी, एका रविवारी दुपारी. पाचजणी होतो, सगळ्यात लहान बावीस वर्षांची. अंगठी म्हणून भाचीने पितळेचं एक वेढणं काढलं होतं. मी माता झाले. एक खोली शिवणाची निघाली. कपाटात ओळीने ब्लाउज टांगलेले, एकाच कापडाचे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा तंग, आणि गळ्याशी नावाची चिठ्ठी उसवून काढलेली. कुठे प्रेत नाही, रक्त नाही. आम्ही गप्प झालो. मग अर्थ लावायची वेळ आली. अंगठी त्या बावीस वर्षांच्या मुलीकडे होती. ती म्हणाली, “त्याला जुन्या वस्तू जपायची सवय असेल.” दुसरी म्हणाली, “आधीच्या बायका बारीक होत गेल्या असतील, आजारी असतील बिचाऱ्या.” तिसरीने पुस्ती जोडली, “त्याने तर त्यांची आठवण ठेवली आहे!” कुणी शिकवलं नव्हतं. पुरावा डोळ्यांपुढे टांगलेला असताना नवऱ्यासाठी सबबी शोधायला त्यांना मिनिटही लागलं नाही, कारण सबब सापडली की त्या घरात आणखी एक रात्र झोपता येतं. केंद्रात पहिल्यांदा येणारी बाई म्हणते, “तसा मनाने वाईट नाही हो.” नव्या कार्यकर्तीला त्या वाक्याचा राग येतो. ते वाक्य कुठून येतं हे त्या दुपारी त्या मुलींनी आतून पाहिलं. तीन व्याख्यानांनी मला ते समजावता आलं नसतं.

तेव्हा पहिल्या आक्षेपाचं उत्तर हे, की यात अत्याचाराचा तमाशा नाही. तमाशा तिथे होतो, जिथे बाईचं शरीर पाहायला ठेवलेलं असतं आणि पाहणारा सुरक्षित असतो. इथे पाहणारं कुणी नाहीच.

दुसरा आक्षेप घाबरवण्याचा. मुली घाबरलेल्या आहेत हे खरंच. पण घाबरण्याला शब्द नाहीत, हे जास्त खरं. “अंधारात जाऊ नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस” एवढीच भीती त्यांना शिकवलेली असते. सगळी भीती घराबाहेर, आणि घर म्हणजे सुरक्षितता! कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ मध्ये झाला. मारहाणीबरोबर शब्दांचा, पैशाचा आणि मानसिक छळही हिंसाच, हे त्याने मान्य केलं आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क बाईला दिला. हा कायदा मुलींना कलमवार पाठ करून घेता येतो. पण एखादी खोली, एखादं कपाट, नवऱ्याचं एखादं साधं वाक्य भयाण कसं होतं, ते कलमांत येत नाही.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल, तर या खेळाच्या जगाकडून आपणच काही घ्यावं असं मला वाटतं. टेबलाच्या मधोमध फुलीचं एक कार्ड ठेवलेलं असतं. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी मांडलेली ही युक्ती. कुणालाही, केव्हाही, चाललेलं नकोसं झालं की तिने कार्डाला हात लावायचा. विषय तिथेच सोडला जातो. का, कशामुळे, असं विचारायचं नाही. शिवाय खेळापूर्वी ठरवून घेता येतं की कोणती गोष्ट अजिबात येणार नाही आणि कोणती पडद्याआड राहील. आता आपली शिबिरं आठवा. गोल बसवून “प्रत्येकीने आपला अनुभव सांगा” म्हणायचं, एखादी रडली की शिबिर यशस्वी झालं असं अहवालात लिहायचं, आणि जी गप्प बसली ती ‘अजून खुललेली नाही’! हे मी एकाहून अधिक संघटनांच्या शिबिरांत पाहिलं आहे. नकार देण्याचा हक्क आपण नवऱ्यांकडे मागतो. तो आपल्या सतरंजीवर किती जणींना मिळतो?

तिसऱ्या आक्षेपाला फार जागा देत नाही. पुस्तक इंग्रजीत आहे आणि महाग आहे, हे कबूल. पण ते एकीने वाचलं की पुरतं. बाकी लागतात दोन फासे, एक अंगठी, कागद-पेन्सिल आणि आपली भाषा. आम्ही मराठीतच खेळलो. वीज लागत नाही, मोबाइल लागत नाही. १९८३ मध्ये ‘मुलगी झाली हो’ उभं राहिलं, तेव्हाही नेपथ्याला पैसे आहेत का हे कुणी आधी विचारलं नव्हतं.

आता माझं भांडण. त्या पाच बहिणी कुठे आहेत? सगळ्या एकाच बाईच्या डोक्यात. बाहेर कुणी नाही. शेजारीण नाही, आई नाही, पूर्वी त्या वाड्यात काम केलेली आणि आता बाजारात भेटणारी बाई नाही. वाड्यात नोकर आहेत, पण तेही त्या घराच्या भयाचाच भाग होऊन येतात. पेरोने निदान जमिनीवरचं रक्त गोठलेलं दाखवलं, म्हणजे झाडणारीलाही त्या खोलीत मज्जाव होता. पण इतक्या बायका आल्या आणि नाहीशा झाल्या, हे भांडी घासणारीला कळलं नसेल? मोलकरीण ही घराची पहिली साक्षीदार असते. तिला भूत करून टाकणं हा मालकिणीच्या नजरेचा दोष आहे आणि तो तीन बायकांनी लिहिला म्हणून दोष व्हायचा राहत नाही. मनाचे तुकडे म्हणून निवडलेली नावंही मला खटकतात. कुमारी, माता, मोहिनी, चेटकीण: यांत राबणारी बाई कुठे आहे?

‘व्यक्तिगत भय’ या नावाचा प्रश्न इथे येतो. कॅरल हॅनिश यांचा लेख १९७० मध्ये छापला गेला, तेव्हापासून व्यक्तिगत तेच राजकीय हे आपण घोकत आलो. या खेळाने भय मनातून काढून घरात, कपाटात, किल्लीत ठेवलं, हे मोठं काम केलं. पण त्या घराला त्याने रस्ता ठेवला नाही. नवरीपुढे दोनच वाटा: त्याच्यावर विश्वास ठेव किंवा त्याला ओळख. कुणाला तरी सांग, ही तिसरी वाटच नाही. पुढे जे होतं त्यात सुख नाही. भय म्हणून ते चोख असेल. आमच्या केंद्रात येणाऱ्या बाईचं आयुष्य म्हणून ते अपुरं आहे. हीच गोष्ट अँजेला कार्टर यांनी १९७९ मध्ये ‘द ब्लडी चेंबर’मध्ये नव्याने सांगितली. तिथे मुलीला वाचवायला तिची आई घोड्यावर बसून येते आणि पिस्तूल चालवते.

मुळात पेरोच्या गोष्टीतसुद्धा बाहेरचं माणूस आहे. नवरीची थोरली बहीण ॲन. नवरा खाली तलवार घेऊन ओरडत असतो तेव्हा ती मनोऱ्यावर उभी राहून रस्ता न्याहाळत असते आणि धाकटी तिला पुन्हा पुन्हा विचारते, कुणी येतंय का. भाऊ वेळेवर पोचतात ते पेरोच्या काळाला धरून झालं. पण ॲन तिथे होती. खेळाने पाच बहिणी मनात निर्माण केल्या आणि रक्ताची बहीण गाळून टाकली.

म्हणून माझी मागणी अशी आहे. डिसेंबरच्या शिबिरात शेवटच्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी हा खेळ ठेवावा, म्हणजे नंतर बोलायला दीड दिवस हातात राहील. ज्यांना खेळायचं नाही त्यांना त्या वेळात दुसरं काम असावं आणि कारण विचारलं जाऊ नये. फुलीचं कार्ड प्रत्येक टेबलावर असावं. आणि एक नियम आपला: टेबलापासून दूर, खिडकीशी एक जास्तीची खुर्ची मांडायची. तिथे बसणारी ॲन. तिच्याकडे अंगठी येणार नाही, तिला खोल्यांत जाता येणार नाही. पण नवरीने कोणत्याही खोलीतून तिला हाक मारली तर तिने उत्तर द्यायचं आणि रस्त्यावर कोण दिसतं ते सांगायचं. भाऊ, पोलीस, शेजारी, मोर्चा की रिकामा रस्ता, ते तिचं तिने ठरवावं. तिला काय दिसतं ते ऐकायला मी उत्सुक आहे. पुस्तक सध्या माझ्याकडे आहे. पुढच्या बैठकीत या विषयावर बोलणार असाल तर त्याआधी येऊन घेऊन जा.